मुसीकाठचा अभ्यासक्रम

हैदराबादच्या आबिड्स परिसरात दोन विद्यापीठांचा जन्म झाला. १९१८ साली सातव्या निजामाच्या फर्मानानं उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं आणि पुढच्या वर्षी त्याचे पहिले वर्ग गनफाउंड्रीला, निजाम कॉलेजच्या शेजारी, आगा मंझिल या इमारतीत भरले. त्यानंतर साडेपाच दशकांनी, १९७४ मध्ये, संसदेच्या कायद्यानं हैदराबाद विद्यापीठ अस्तित्वात आलं. त्याचा कारभार सुरू झाला नामपल्ली स्टेशन रोडवरच्या ‘गोल्डन थ्रेशोल्ड’मध्ये, म्हणजे सरोजिनी नायडूंच्या घरात. पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन यांवर भर देणाऱ्या या विद्यापीठाचं पुढे गचिबावलीला मोठं आवार झालं, पण मूळ पत्ता आबिड्सचा.

याच सरोजिनीबाईंना ब्रिटिश सरकारनं कैसर-ए-हिंद पदक दिलं होतं, ते १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरात त्यांनी केलेल्या मदतकार्यासाठी. जालियनवाला बागेनंतर त्यांनी ते परत केलं. मुसी या घरापासून दीड-दोन किलोमीटरवर वाहते. आपत्ती व्यवस्थापन हा विषय पदव्युत्तर पातळीवर शिकायचा असेल, तर तो कुठून सुरू करावा, या प्रश्नाला माझं उत्तर हे दीड-दोन किलोमीटर आहेत.

आज आबिड्स म्हणजे बाजार. सहाव्या निजामाच्या पदरी असलेल्या आल्बर्ट आबिड या आर्मेनियन गृहस्थांचं इथे दुकान होतं, त्यावरून चौकाला नाव पडलं. जनरल पोस्ट ऑफिस, नेहरूंचा पुतळा, कपड्यांची आणि चपलांची दुकानं, आणि रविवारी बंद शटरांपुढे फुटपाथवर पसरलेली जुनी पुस्तकं. या पुस्तकांत स्पर्धा परीक्षांचा वाटा मोठा असतो. केंद्रीय लोकसेवा आयोगानं २०१३ पासून मुख्य परीक्षेच्या सामान्य अध्ययनाच्या तिसऱ्या प्रश्नपत्रिकेत आपत्ती व्यवस्थापन घातलं, तेव्हापासून गाइडांमध्ये त्यावर एक प्रकरण असतंच. आपल्याकडच्या बहुतेक पदवीधर मुलांची या विषयाशी पहिली ओळख अशी होते. व्याख्या पाठ करायच्या, कायद्याची कलमं पाठ करायची, आणि परीक्षा झाली की विसरायचं. हा विषय याहून कितीतरी मोठा आहे, आणि तो किती मोठा आहे हे हैदराबादला १९०८ मध्येच कळलं होतं.

सप्टेंबर १९०८ च्या अखेरीस मुसीच्या पाणलोटात ढग फुटल्यासारखा पाऊस झाला. शमशाबादला चोवीस तासांत सुमारे १३ इंच आणि अठ्ठेचाळीस तासांत सुमारे १९ इंच पाऊस नोंदला गेला. २८ तारखेला नदी शहरात शिरली. अफझलगंज, कोळसावाडी, घासी बाजार ही दाट वस्ती वाहून गेली. त्या वेळी शहराची लोकसंख्या साडेचार लाखांच्या आसपास होती. त्यातले सुमारे १५ हजार लोक बुडाले, १९ हजारांच्या आसपास घरं पडली, ८० हजारांच्या आसपास माणसं उघड्यावर आली, असे आकडे सांगितले जातात. अफझलगंजच्या दवाखान्याच्या आवारातल्या एका चिंचेच्या झाडावर दीडशे माणसं चढून बसली आणि वाचली. ते झाड आज उस्मानिया इस्पितळाच्या आवारात आहे आणि शहरातली जाणती मंडळी दर २८ सप्टेंबरला त्याच्याखाली जमतात. सहावे निजाम महबूब अली खान यांनी राजवाड्यांची दारं उघडली, अन्नछत्रं घातली. नदी शांत व्हावी म्हणून त्यांनी स्वतः मुसीची आरती केली, असंही सांगितलं जातं. सुलतान बाजार-कोठी भागात तेव्हा मराठी मंडळींचा चांगला जम बसला होता, विवेकवर्धिनी शाळा निघून जेमतेम वर्ष झालं होतं. म्हणजे हैदराबादच्या मराठी समाजाची ही शाळा आणि हा पूर एकाच काळातले आहेत.

पूर ओसरल्यावर निजाम सरकारनं एक माणूस बोलावला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. मराठी वाचकाला ते परके नाहीत. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून ते इंजिनियर झाले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिक, खानदेश, पुणे इथे त्यांची उमेदीची वर्षं गेली. खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवले ते त्यांनीच. त्या नोकरीतून ते बाहेर पडत होते आणि परदेशात होते, तेव्हा हैदराबादचं बोलावणं आलं. १९०९ मध्ये ते इथे रुजू झाले.

त्यांनी जे केलं ते बारकाईनं पाहायला हवं, कारण पदव्युत्तर प्रबंधाकडून आपण जे मागतो ते सगळं त्यात आहे. त्यांनी सुरुवात शहरापासून केली नाही. ते वर गेले, पाणलोटात. मुसी आणि तिची उपनदी ईसी यांच्या खोऱ्यात जागोजागी तलाव होते. मोजणी झाली तेव्हा ते ७८८ निघाले, साधारण प्रत्येक चौरस मैलाला एक. त्यांपैकी २२१ फुटले होते. एक बांध फुटला की त्याचं पाणी खालच्या तलावावर आदळतं, तो फुटतो, मग त्याच्या खालचा. शहरात आलेली लाट नुसत्या पावसाची नव्हती, फुटत आलेल्या बांधांच्या साखळीची होती. कारण असं नेमकं कळल्यावर उपाय ठरला. शहराच्या वरच्या अंगाला दोन्ही नद्यांवर दोन मोठे जलाशय बांधायचे, जे पूर अडवतील. मुसीवरचा उस्मान सागर १९२० साली पूर्ण झाला, ईसीवरचा हिमायत सागर १९२७ साली. याच्या जोडीला त्यांनी भुयारी गटारांची योजना मांडली आणि नदीकाठी घरांऐवजी बागा असाव्यात असं सुचवलं. १९१२ मध्ये नगर सुधार मंडळ स्थापन झालं आणि गलिच्छ, दाट वस्त्या मोकळ्या करण्याचं काम त्याच्याकडे गेलं.

निरीक्षण, मोजणी, कारणमीमांसा, उपाय, खर्चाचा अंदाज आणि अंमलबजावणी करणारी यंत्रणा. आपत्ती व्यवस्थापनाचा पहिला भारतीय प्रबंध कोणता असं मला कुणी विचारलं, तर मी मुसीच्या या कामाचं नाव घेईन.

पण इथेच विषयाचा दुसरा, जास्त अवघड धडा सुरू होतो. पूर अडवायला जलाशय पावसाळ्यात रिकामा असावा लागतो आणि पिण्याच्या पाण्यासाठी तो भरलेला असावा लागतो. उस्मान सागर आणि हिमायत सागर दोन्ही कामांना जुंपले गेले. धरण आहे म्हणून शहर निर्धास्त झालं आणि नदीच्या अंगावर सरकत गेलं. अमेरिकेत गिल्बर्ट व्हाइट या भूगोलाच्या अभ्यासकानं शिकागो विद्यापीठातल्या प्रबंधात नेमकं याच गोष्टीवर बोट ठेवलं होतं. १९४५ साली छापल्या गेलेल्या त्या प्रबंधाचं म्हणणं असं की नुसत्या धरण-बांधांवर भिस्त ठेवली तर लोक पूरक्षेत्रात जास्त वस्ती करतात आणि एखाद्या वर्षी नुकसान आधीपेक्षा जास्त होतं. जमिनीचा वापर, पूर्वसूचना, विमा, घर बांधायची पद्धत हे सगळं धरणाइतकंच महत्त्वाचं. पूर हा केवळ इंजिनियरचा विषय राहिला नाही, तो भूगोलाचा, कायद्याचा, समाजशास्त्राचा झाला, तो या प्रबंधामुळे.

हैदराबादनं हे ओळखलं नव्हतं असं नाही. १९९६ मध्ये सरकारनं १११ क्रमांकाचा आदेश काढून दोन्ही जलाशयांभोवती दहा किलोमीटरच्या पट्ट्यात मोठ्या बांधकामांना बंदी घातली. २०२२ मध्ये हे निर्बंध उठवण्याचा आदेश निघाला. या दोन तारखांच्या मध्ये, ऑक्टोबर २०२० मध्ये, शहरात एका दिवसात सुमारे १९ सेंटिमीटर पाऊस पडला आणि जुन्या शहराच्या दक्षिणेला पल्ले चेरुवू, मग काही दिवसांनी गुर्रम चेरुवू फुटला. पुन्हा तलावच. विश्वेश्वरय्यांनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं कारण पुन्हा घरांत शिरलं. आणि २०२५ च्या सप्टेंबरअखेरीस दोन्ही जलाशयांचे दरवाजे उघडले, तेव्हा गौलीगुड्याचं महात्मा गांधी बस स्थानक पाण्यात गेलं, प्रवाशांना रात्री दोर लावून बाहेर काढावं लागलं. ते बस स्थानक मुसीच्या पात्रालाच लागून आहे. पुणे, लातूर, नांदेडची एसटी पकडणाऱ्या मराठी माणसाला ते चांगलं ठाऊक आहे. तिथे बस स्थानक असावं का, या प्रश्नावर एका विद्यार्थ्याची दोन वर्षं सहज जातील आणि ती सत्कारणी लागतील.

जगात या विषयाचं शिक्षण उभं राहिलं तेही अशाच एकेका दुर्घटनेच्या अभ्यासातून. कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात ६ डिसेंबर १९१७ रोजी दारूगोळ्यानं भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला आणि शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. तिथे धर्मोपदेशक असलेल्या सॅम्युएल हेन्री प्रिन्स यांनी त्यावर कोलंबिया विद्यापीठात पीएच.डी. केली. १९२० सालचा तो प्रबंध या क्षेत्रातला पहिला समाजशास्त्रीय अभ्यास मानला जातो. पुढे १९६३ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठात आपत्ती संशोधन केंद्र निघालं. तिथल्या संशोधकांनी कितीतरी ठिकाणी जाऊन पाहिलं आणि सांगितलं की संकटात माणसं सैरावैरा पळतात हा समज बहुतांशी खोटा आहे. लोक शेजाऱ्याला बाहेर काढतात, पोरंबाळं सांभाळतात, पाणी आणतात. सरकारी पथक पोचण्याआधीचं बरंचसं बचावकार्य शेजाऱ्यांनी उरकलेलं असतं. मग योजना आखताना या शेजाऱ्यांना गर्दी समजायचं की मनुष्यबळ, हा पुढचा प्रश्न.

मराठी माणसाला याचं उत्तर किल्लारीनं दिलं आहे. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली आणि लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरची गावं मातीत गेली. सरकारी हिशेबानं आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. पहिल्या तासांत ढिगारे उपसले ते वाचलेल्या गावकऱ्यांच्या आणि शेजारच्या गावांतून धावत आलेल्या लोकांच्या हातांनी. हा सगळा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे आबिड्सवर लिहिताना किल्लारी आठवणं ही ओढाताण नाही. भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ तिथे गेले, यंत्रं लावली, भोक पाडून खडक तपासला. कोयनेच्या १९६७ च्या भूकंपाचा अभ्यास वर्षानुवर्षं करणारी हीच संस्था.

किल्लारीचं दुःख दोन कारणांनी आणखी मोठं होतं. पहिलं, देशाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. (२००२ मध्ये नकाशा सुधारला तेव्हा तो पहिला विभागच काढून टाकण्यात आला.) १९९२ मध्ये, म्हणजे आदल्या वर्षी, किल्लारीत हादरे बसले होते, लोकांनी ते सांगितलंही होतं. दुसरं कारण घरांचं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं हे घर भूकंपात माणसं गाडतं. म्हणजे जीव घेतला तो जमिनीच्या हालचालीनं जितका, तितकाच घर बांधायच्या रीतीनं. हे ज्यानं ओळखलं, त्याला आपत्ती हा शब्द निसर्गाच्या खात्यावर टाकून मोकळं होता येत नाही.

जागतिक बँकेच्या कर्जातून महाराष्ट्रानं भूकंप पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला, बावन्न गावं नव्यानं वसवली, आणि मुंबईत मंत्रालयात नियंत्रण कक्ष, जिल्ह्याजिल्ह्यांत आराखडे अशी व्यवस्थेची पायाभरणी झाली. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे शिक्षक आणि विद्यार्थी या कामात होते. संस्थेचं तुळजापूरचं आवार त्या गावांपासून फार लांब नाही. पुढे गुजरातचा भूकंप झाला, त्सुनामी आली, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. टाटा संस्थेनं लगोलग जमशेदजी टाटांच्या नावानं आपत्ती व्यवस्थापन केंद्र काढलं आणि २००७ पासून पदव्युत्तर पदवी सुरू केली. दिल्लीच्या गुरू गोविंद सिंग इंद्रप्रस्थ विद्यापीठात या विषयात एमबीए आहे, इग्नूची पदव्युत्तर पदविका घरी बसून करता येते. यांत शिकवतात काय? जोखमीचं मोजमाप, नकाशे आणि उपग्रहचित्रं, साथरोग, रसद, कायदा, पुनर्वसन, शोकग्रस्तांचं मानसिक बळ टिकवणं. घटनास्थळी कुणी कुणाला हुकूम द्यायचा, याची १९७० च्या कॅलिफोर्नियातल्या वणव्यांनंतर तयार झालेली पद्धतही शिकवतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं ती २०१० मध्ये भारताला साजेल अशी करून घेतली.

या विषयाला लागणारं ज्ञान एका शहरात एवढं एकवटलेलं क्वचितच आढळेल, जेवढं हैदराबादला आहे. बालानगरला राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्र आहे, तिथून पुराचे उपग्रह नकाशे जिल्ह्यांना जातात. उप्पल रस्त्यावर भूभौतिकी संस्था. समुद्र शेकडो किलोमीटर लांब असलेल्या या शहरात २००७ पासून देशाचं त्सुनामी पूर्वसूचना केंद्र चालतं. १०८ ही रुग्णवाहिका सेवा १५ ऑगस्ट २००५ ला इथूनच निघाली. ती चालवणाऱ्या संस्थेच्या मूळ नावातच आपत्कालीन व्यवस्थापन आणि संशोधन हे शब्द होते, आणि अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या साहाय्यानं तिनं आपत्कालीन शुश्रूषेचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम काढला. रुग्णवाहिकेत मागे बसून जीव वाचवणाऱ्या माणसालाही उच्च शिक्षण हवं, हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

तरीही शहरात माणसं मरतात, आणि ती मरतात अतिशय साध्या कारणांनी. १३ नोव्हेंबर २०२३ ला, दिवाळीच्या दिवसांत, नामपल्लीच्या बाजारघाटात निवासी इमारतीच्या खाली रसायनांची पिंपं ठेवली होती. ती पेटली, धूर जिन्यातून वर गेला, नऊ जण गेले. १८ मे २०२५ ला चारमिनारजवळ गुलजार हौजला एका जुन्या घरात आग लागली, बाहेर पडायची वाट अरुंद, सतरा जण गेले, त्यांत आठ मुलं. उस्मानियाच्या पदवीधरांनी १९३८ मध्ये सुरू केलेलं ‘नुमाइश’ हे प्रदर्शन आजही दरवर्षी नामपल्लीच्या मैदानावर भरतं. ३० जानेवारी २०१९ च्या रात्री तिथे शंभरावर दुकानं जळाली. तिथे जीवितहानी झाली नाही. यांतली प्रत्येक जागा आबिड्सच्या चौकातून रिक्षानं थोड्या वेळात गाठता येते.

म्हणून आबिड्सच्या जवळपास कुठल्याही विद्यापीठात आपत्ती व्यवस्थापनाचा विद्यार्थी असेल, तर त्याच्या प्रबंधाचं क्षेत्र चार गल्ल्यांपुरतं असावं असं माझं मत आहे. जिन्याखाली किती वीजमीटर आहेत, तळघरात वाहनं आहेत की माल, गच्चीचं दार रात्री कुलूपबंद असतं का. दिवाळीच्या आठवड्यात संध्याकाळी सातला अग्निशमन बंब चौकातून गल्लीच्या टोकापर्यंत किती मिनिटांत पोचतो. पाणी कुठून घेणार. जळलेल्या माणसाला कुठल्या इस्पितळात नेणार आणि तिथे त्या वेळी खाट असते का. गल्लीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची घरं दुकानदारांना माहीत आहेत का. ओहायोच्या संशोधकांनी सांगितलेले शेजारी इथे कोण, त्यांची नावं काय. हे सगळं लिहून, नकाशावर मांडून महापालिकेच्या टेबलावर ठेवलं, तर ते विश्वेश्वरय्यांच्या तलावमोजणीच्या वंशातलं काम होईल. कोठीच्या गोकुळ चाटमध्ये २५ ऑगस्ट २००७ च्या संध्याकाळी बॉम्बस्फोट झाला, त्या रस्त्यावरच्या दुकानदारांना त्या क्षणी काय करायचं हे कुणी शिकवलेलं नव्हतं. ते शिकवता येतं.

अडचण अशी की हे काम केलेल्या मुलाला खुर्ची नाही. कायद्यानं जिल्हाधिकारी हा जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचा अध्यक्ष, ते योग्यच आहे. पण त्याच्या हाताखाली हा विषय रोज पाहणारा जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकारी अनेक ठिकाणी कंत्राटी असतो. दर काही महिन्यांनी मुदतवाढीची वाट बघणाऱ्या माणसानं बिल्डरला, कारखान्याला, स्वतःच्या वरिष्ठाला ‘हे धोक्याचं आहे’ असं लेखी कसं द्यावं? दोन वर्षं कष्टानं शिकलेली मुलं मग स्वयंसेवी संस्थांत, सल्लागार कंपन्यांत, परदेशांत जातात. ती तिथे चांगलं काम करतात. पण सरकारी फायलीवर धोक्याची नोंद करायला लागणारी कायम सही त्यांच्याकडे येत नाही.

आता संधी आली आहे. २०२५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायद्यात दुरुस्ती झाली. राज्यांच्या राजधान्या आणि महापालिका असलेल्या शहरांसाठी स्वतंत्र शहरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन करण्याची तरतूद त्यात आहे. हैदराबादमध्ये २०२४ पासून ‘हायड्रा’ ही यंत्रणा आपत्तीत मदत आणि तलावांवरची अतिक्रमणं हटवणं अशी दोन्ही कामं करते. तलाव आणि आपत्ती एका कार्यालयाखाली आले, ही कल्पना मुसीच्या इतिहासाला धरून आहे. पाडकामाच्या वेळी गरिबांची घरं आधी पडतात का, हा प्रश्न मात्र तिला सतत विचारत राहावं लागेल, आणि तो विचारायला शिकलेली माणसं आतच हवीत.

महाराष्ट्र आणि तेलंगण सरकारांना म्हणूनच सांगणं आहे की प्रत्येक महापालिकेच्या प्राधिकरणात या विषयाच्या पदव्युत्तर पदवीधरांसाठी कायम पदं मंजूर करा, त्यांची भरती लोकसेवा आयोगामार्फत करा, आणि बांधकाम परवान्याच्या फायलीवर त्यांचा लेखी अभिप्राय सक्तीचा करा. विद्यापीठांनी आपल्या शहराच्या एकेका वॉर्डावर दरवर्षी प्रबंध करून घ्यावेत आणि ते त्या वॉर्डातल्या लोकांना त्यांच्या भाषेत वाचायला द्यावेत. आणि तुमच्या घरातलं कुणी पदवीनंतर हा विषय घ्यायचं म्हणत असेल, तर त्याला अडवू नका.